शिळ्या पाण्यातली कुरडई

समुद्र आमच्या कळंबपासून लई लांब आहे, पण आमच्या नळाचं पाणी त्याहून लांबून येत असावं असा मला दाट संशय आहे. आमची कॉलनी गावाच्या पार टोकाला. त्यामुळं पाणी आमच्यापर्यंत येईतो दमतं, वाटेत कुठं कुठं टेकतं, आणि आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा, नळातून आधी नुसती हवा सोडत, मग खोकत, मग करंगळीएवढ्या धारेनं हजर होतं.

ते आलं की कॉलनीत जे होतं ते बाहेरच्या माणसानं बघू नये. घरोघर साठवलेलं पाणी बाया ओतून देतात. हंडे, घागरी, पिंपं, पातेली, सगळं रिकामं. का? तर ते शिळं झालं. ताजं पाणी आलंय ना आता! ज्या जिल्ह्यात 'पाणी जपून वापरा' म्हणून भिंतीच्या भिंती रंगवल्यात, तिथं पाणी आलं की पहिल्यांदा पाणी ओततात. पाणी शिळं होत नसतं, हे मी सगळी नोकरीभर ज्युनिअर कॉलेजात शिकवलं. घरात शिकवता आलं नाही. आमची कमल म्हणते, "तुमच्या पुस्तकातलं होत नसंल. ह्या पिंपातलं होतं."

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात गुन्हा कुणाचा, यावर कॉलनीत अजून दोन तट आहेत.

मी शिवानंद सर. जीवशास्त्र. आता रिटायर्ड, म्हणजे जीवशास्त्र गेलं, 'सर' तेवढं राहिलं. फेब्रुवारीत आम्ही कॉलनीतली रिटायर्ड मंडळी गाडी करून कोकणात गेलो होतो. तिथल्या एका जेटीवर बाकीचे फोटो काढत होते आणि मी पाण्यात बघत होतो. कुणीतरी टाकून दिलेला जाड दोराचा तुकडा लोंबत होता. त्याला पांढरं काहीतरी लगडलेलं. बारीक बारीक नळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. हुबेहूब कुरडई. वाळलेली, तळायच्या आधीची. नळ्यांच्या तोंडाशी केशरी तुरे, टाचणीच्या डोक्यापेक्षा बारीक. मी नीट बघायला वाकलो, आणि सगळेच्या सगळे तुरे गडप!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण मी समुद्रातला एकही प्राणी जिवंत बघितला नव्हता. आमच्या लॅबमध्ये अख्खा समुद्र फॉर्मालिनच्या बरण्यांत होता आणि सगळा एकाच रंगाचा, उकडलेल्या बटाट्याच्या. मी इतकी वर्षं पोरांना सांगत आलो की हा प्राणी रंगानं सुंदर असतो, आणि पोरं बरणीतल्या बटाट्याकडं बघून माना डोलवायची. आज पहिल्यांदा समुद्र माझ्याकडं बघून लाजला होता.

तेवढ्यात सगळे गोळा झाले. "सर, हे काय वो?"

आता जीवशास्त्राच्या सरानं "माहीत नाही" म्हणायचं असतं का? डॉक्टरनं नाडी धरून "कुणास ठाऊक" म्हणल्यासारखं ते. मी घसा साफ केला. "प्रवाळ," म्हणलं. "म्हणजे पोवळं. जिवंत."

तो दोर मी कमलच्या पोह्यांच्या डब्यात घातला. पाणी दिलं गोरोबा तात्यांनी. तात्या गणिताचे रिटायर्ड मास्तर, गळ्यात तुळशीची माळ, आमच्या भिंतीला त्यांची भिंत. गुडघे शेकायला म्हणून त्यांनी समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून घेतलं होतं, त्यातलं अर्धं मी मागितलं. "घ्या," तात्या म्हणाले, "पण ध्यानात असू द्या सर, पाणी माझं हाय." हे वाक्य नंतर त्यांनी इतक्यांदा म्हणलं की अरबी समुद्राचा सात-बारा त्यांच्या नावावर असावा.

घरी आल्यावर लोणच्याची मोठी काचेची बरणी धुतली, त्यात दोर सोडला, मासेवाल्या दुकानातून बुडबुड्याची मशीन आणली आणि सगळं गॅलरीत मांडलं. फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला : 'अस्सल जिवंत प्रवाळ. कळंबमध्ये प्रथमच.' खाली माझं नाव, डिग्रीसकट.

तिथून आमची गॅलरी सार्वजनिक झाली.

पहिल्यांदा समोरच्या घरातली करिश्माची आई आली. "सर, आमच्या करिश्माला मंगळ हाय. पोवळं घाला म्हणलेत अंगठीत. हेच्यातलं इवलंसं तोडून द्या की."

"वहिनी, हे जिवंत आहे."

"मंग तर लवकर गुण यील."

दुसरं कोण म्हणालं, एकटं आहे, सोबतीला दोन मासे सोडा. तिसरं म्हणालं, तोंड उत्तरेकडं करा. बरणीतल्या वस्तूचं तोंड कुठं असतं हे त्याला विचारायचं माझ्याकडनं राहिलं. तात्या रोज सकाळी पाण्याचे मालक म्हणून पाहणीला यायचे. "सर, राग मानू नका, पण हे पोवळं न्हाय. हे कुंभारमाशीचं घर हाय. माझ्या मीटरच्या पेटीत असली ढिगानं हायत, पायजे तर फोटो टाकतो."

मी म्हणलं, "तात्या, मी तुमच्या त्रिकोणात कधी बोललो का?"

अशात माझ्या सासूबाई वाशीहून आल्या, मुंबईकडच्या नव्हे, आमच्या शेजारच्या वाशीहून. कोंडाबाई. मी त्यांना मामी म्हणतो. दरसाल उन्हाळा लागला की कुरडया घालायला त्या येतात, कारण त्यांच्या मते त्यांच्या लेकीला चीक शिजवता येत नाही. मामी गॅलरीत गेल्या, बरणीपाशी थांबल्या आणि ओरडल्या, "आगं कमे, ही कुरडई भिजत का घातलीस?"

कमल म्हणाली, "आई, ती कुरडई न्हाय. समुद्रातलं जित्राब हाय. ह्यांनी आणलंय."

मामींनी डोळ्यांवर हात धरून लई वेळ बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "एवढुशा घरात राहत्यात व्हय ही लेकरं?" तेव्हापासून येता-जाता त्या बरणीशी बोलायला लागल्या. माझ्याशी त्या जपून, पदर सावरून बोलतात, जावई म्हणून. बरणीशी मोकळ्या होत्या.

आता दाढेचं प्रकरण. हे मी टाळणार होतो, पण टाळलं तर पुढचं कळायचं नाही.

येताना गाडीच्या हादऱ्यांनी त्या गुंत्याचा एक तुकडा तुटून पडला होता. तो वाळून खडखडीत झालेला. मी तो नमुना म्हणून गच्चीत कठड्यापाशी ठेवला. नमुना ठेवायला गच्चीच का सापडली, असं आता सगळे विचारतात. तेव्हा कुणी विचारलं नाही. मामींनी त्याच गच्चीत धोतरावर कुरडया घातल्या होत्या. दिवेलागणीला त्यांनी कुरडया गोळा केल्या. सगळ्या. एकही मागं ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या चहाला आले. मामींनी नव्या कुरडया तळल्या. सगळ्या फुलल्या, एक काही केल्या फुलेना. मामींना वाटलं, चीक कमी शिजला. पाहुण्याच्या ताटात कमी दिसू नये म्हणून तीही वाढली. तात्यांनी नेमकी तीच उचलली. आधी आवाज आला. मग तात्यांनी तोंड उघडलं, त्यात बोट घातलं, आणि अर्धी दाढ बाहेर काढून टीपॉयवर ठेवली. तोंडातला घास त्यांनी गिळला होता.

"कुरडई हाय का सिमिट?"

मी ताटात उरलेला तुकडा बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा नमुना!"

"कसला नमुना? काय खाल्लं म्या?"

"प्रवाळ," मी म्हणलं. आणि काय सांगू, तसल्या वेळीसुद्धा माझ्या आवाजात थोडा अभिमान होता.

तात्या गुमान गेले. गणिताचा माणूस भांडत नाही, तो उत्तर काढतो. सकाळी ग्रुपवर त्यांनी एक लांबलचक मजकूर टाकला : प्रवाळ बाळगणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा, कायद्यात त्याचा नंबर वाघाच्या रांगेत, जामीनसुद्धा अवघड. खाली माझं नाव, आणि जोडलेल्या हातांची दोन चित्रं.

ग्रुपमधून ते कुठं कुठं गेलं कुणास ठाऊक. दुपारी वनखात्याचा माणूस दारात उभा. रणधीर. वनरक्षक. माझाच विद्यार्थी. बारावीच्या तोंडी परीक्षेत मी ह्याच्यापुढं अ‍ॅनेलिडा म्हणजे वलयांकित प्राण्यांची बरणी ठेवली होती आणि ह्यानं "सर, गांडूळ" एवढंच म्हणून जमिनीकडं बघितलं होतं. आजही तो जमिनीकडंच बघत होता.

"सर, वाईट वाटून घेऊ नका. वरून फोन आलाय. ते... पोवळं बघायचं हुतं."

त्यानं बरणी बघितली, फोटो काढले, चहा घेतला. मग म्हणाला, "आमच्याकडं काळवीट येतंय, मोर येतोय, लांडगा येतोय. समुद्र पहिल्यांदाच आलाय. जप्त करावं म्हणलं तर आमच्याकडं पिंजरा हाय."

"पिंजऱ्यात पाणी राहणार नाही," मी म्हणलं.

"तेच म्हणलो मी साहेबांना. म्हणून साहेब सोमवारी स्वतः येतेत. तवर हे तुमच्याच ताब्यात. पण सर, ह्याला काय झालं तर पुरावा नष्ट केला असं धरतेत. अन् हे पोवळं न्हाय, असं कुण्या तज्ज्ञानं सांगितलं, तर इषयच मिटला."

"मग सांगतो की मीच! तालुक्यात जीवशास्त्राचा तज्ज्ञ कोण आहे दुसरा?"

"तुमीच हाव, सर."

"मग झालं तर."

"पण आरोपीला तज्ज्ञ धरता येत न्हाय." तो अजून खाली बघायला लागला. "अन् तज्ज्ञ म्हणून तुमी आधीच लिवलंय ना ग्रुपवर. अस्सल म्हणून."

भिंतीपलीकडनं तात्यांचं डोकं वर आलेलं होतं. चेहरा समाधानी, एका बाजूनं सुजलेला. रणधीरनं विचारलं, "एक तुकडा तुटलेला दिसतोय. तो कुठंय?"

मी आणि कमलनं तात्यांकडं बघितलं.

"खाल्ला," तात्या म्हणाले. "म्हणजे मला खायला घातला."

रणधीरचा चेहरा गंभीर झाला. "तात्या, बाळगण्यापरीस खाणं जास्त हाय."

"म्हंजी?"

"म्हणजे वाघ पाळला तर एक, अन् वाघ खाल्ला तर..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं.

तात्यांचं डोकं भिंतीखाली गेलं. मग फाटकातून सबंध तात्या आत आले. "सर, मी आधीपासून म्हणतोय हे पोवळं न्हाय म्हणून. तुमच्याकडनं काय तरी घोटाळा झालाय."

"मग काय आहे?"

"किडा-मुंगी असंल कायतरी."

"तात्या," मी म्हणलं, "मग तुम्ही किडा खाल्लात."

तात्यांचा हात आपोआप माळेकडं गेला. त्यांनी आयुष्यात अंड्याच्या गाड्याकडून रस्ता ओलांडला नव्हता. गणिताच्या माणसाला उत्तर नसलेलं गणित पडलं होतं : पोवळं निघालं तर तुरुंग, किडा निघाला तर माळ.

तर आता परिस्थिती अशी होती. मी जगाला ओरडून सांगितलं होतं की हे प्रवाळ आहे. आणि सोमवारच्या आत मलाच सिद्ध करायचं होतं की मला त्यातलं काही कळत नाही. तेही ते जिवंत ठेवून.

रणधीरनंच जाताना नंबर दिला. प्रसेनजित नावाचा, आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुम गावचा पोरगा, त्याचा जुना रूममेट, आता किनाऱ्यावरच्या कुठल्याशा संस्थेत समुद्री किड्यांवर पीएचडी करतोय. मी फोन लावला. पलीकडं वाऱ्याचा आवाज.

"मुरुमचा आणि समुद्रात कसा काय?"

"सर, बेन्नीतुरा नदीत पोहायला शिकलो, ती उन्हाळ्यात आटायची. म्हणलं कधीच न आटणारं बघावं." फोटो बघून म्हणाला, "मला तर हे प्रवाळ वाटत नाही. नळ्या करून वस्तीनं राहणारे किडे वाटतात. एकेका नळीत एकेक. ह्या जातीला लोक लई फसतात, सर, मोठमोठे फसतात."

'मोठमोठे' हा शब्द मला लई आवडला.

"पण फोटोवरून लिहून देता येणार नाही. तुरे उघडे असताना बघा. त्यांच्यावर हाताची सावली पाडा. प्रवाळ सावकाश मिटतं. हे किडे सावली पडली की डोळ्याचं पातं लवायच्या आत नळीत शिरतात. तेवढा व्हिडिओ मला पाठवा, मी लगेच लिहून देतो."

एवढं सोपं. मी बरणीपुढं खुर्ची टाकून बसलो. तात्या शेजारी बसले, आता त्यांनाही काम होतं, फक्त कुठलं उत्तर यावं हे ठरत नव्हतं. मामी बसल्या. करिश्माची आई आली, तिच्या मागं अजून दोघी. "उघडलं का वो?" म्हणत जो येईल तो बरणीवर वाकायचा. वाकला की सावली. सावली पडली की आतली लेकरं आत. ती आत गेली म्हणून माणसं अजून वाकायची. शनिवारची सगळी दुपार आम्ही असे बसलो. सगळ्यांना बघायचं होतं, म्हणून कुणालाच काही दिसत नव्हतं.

मला तिथं बसल्या बसल्या माझा वर्ग आठवला. परीक्षक आले की मी बाकावर वाकून उभा राहायचो आणि म्हणायचो, बोल, घाबरू नको. पोरं आत शिरायची. रणधीरही असाच शिरला असणार. माझी सावली केवढी होती ते मला खुर्चीवरून कधी दिसलं नाही.

रविवारी दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. मी लांब, दाराच्या आड बसलो होतो. आणि ते बाहेर आले. आधी एक, मग चार, मग त्या पांढऱ्या गुंत्यावर केशरी केशरी उमलत गेलं, कुणी कुंकवाची बोटं टेकवत जावं तसं. मी श्वास धरून उठलो, लांबून हात पुढं केला. भिंतीवरच्या उन्हात माझ्या हाताची सावली सरकत गेली, बरणीला लागली, आणि एका क्षणात सगळं पांढरं.

किडे! प्रवाळ नव्हे, किडे!

मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं "माझं चुकलं!" असं ओरडलो. कमल धावत आली. लग्नापासून तिनं हे वाक्य ऐकलं नव्हतं. तिला वाटलं बीपी वाढलं.

पण साक्षीदार कोण? मी एकटा, आणि मी आरोपी. मोबाईल जवळ नेला की मोबाईलचीच सावली. प्रसेनजितला सांगितलं तर तो म्हणाला, "मग एक रस्ता आहे, सर. एखादी नळी टाचणीनं फोडून किडा बाहेर काढा आणि भिंगाखाली फोटो घ्या. अंगावर वलयं दिसली की कुणी नाही म्हणणार नाही. फक्त तो एक जगणार नाही."

मी टाचणी घेऊन बसलो. नोकरीत मी किती झुरळं, किती बेडकं ट्रेमध्ये टाचली याचा हिशोब नाही. पण ती सगळी आधीच मेलेली यायची. हे मला बघून लाजलेले होते. टाचणी मी कमलच्या पिनकुशनला परत लावली. म्हणलं, सकाळी तात्यांकडनं त्यांच्या नातवाचं मोबाईलचं स्टँड आणू, लांबून लावून ठेवू, साहेब यायच्या आत व्हिडिओ होईल.

सोमवारी सकाळी मी स्टँड आणायला तात्यांकडं गेलो. ते सापडेना. तात्यांनी कपाट उपसलं, मग माळ्यावर चढले, गुडघे धरत उतरले. तेवढ्यात गल्लीत आवाज उठला, "पाणी आलं! पाणी आलं!" आणि घरोघर ओतायचा आवाज सुरू झाला. नेहमीचा आवाज. मी त्यात काही नवीन ऐकलं नाही.

स्टँड घेऊन मी घरात शिरलो तर गॅलरीत मामी उभ्या. बरणी लखलखीत घासलेली. आत काठोकाठ, नितळ, गार पाणी.

"मामी," मी म्हणलं, "त्यातलं पाणी?"

"वतलं की. लई शिळं झालं हुतं, जावयबापू, वास मारत हुता. कडीपत्त्याला घातलं, वाया न्हाय घालवलं." मग पदर सावरून, थोड्या संकोचानं म्हणाल्या, "आज नळाचं पयलं पाणी त्यास्नीच दिलं. हंडा मागनं भरला."

सासूवर जावयानं ओरडायची सोय आमच्याकडं नाही. मी दोन्ही हातांनी स्टँड धरून उभा राहिलो. पहिलं पाणी! आमच्याकडं पहिलं पाणी देवाला असतं. जन्मभर डोक्यावर घागर वाहिलेल्या बाईनं घरातली सगळ्यात मोलाची वस्तू त्यांना दिली होती. आणि समुद्रातल्या जिवाला गोड पाणी म्हणजे काय, हे मी सगळ्या नोकरीभर शिकवत होतो.

"तात्या!" मी भिंतीवरून ओरडलो. "तुमचं पाणी! आहे का शिल्लक?"

तात्यांनी काय झालं हे विचारलं नाही. तोंड सुजलेलं, गुडघे दुखणारे, तरी कॅन घेऊन पळत आले. कॅनमध्ये तांब्याभर उरलं होतं. "घ्या, घ्या, समदं घ्या." पाणी माझं हाय असं म्हणाले नाहीत.

तेवढ्यात मामी बरणीपाशी वाकून म्हणाल्या, "आगं बया! भाईर आली की वो लेकरं. ताज्या पाण्याला हरकली बगा!"

आली होती. नळ्यांतून एकेक बाहेर येत होता, शेवईच्या तुकड्याएवढा, केशरी टोकाचा, आणि पाण्यात सावकाश खाली जात होता. आता आमच्या सगळ्यांच्या सावल्या त्यांच्यावर पडल्या होत्या आणि कुणीच आत जात नव्हतं.

मागं चपला वाजल्या. रणधीर होता. साहेब दुसऱ्या मीटिंगला गेले, म्हणून एकटाच. मी तबकडीत एक किडा घेतला आणि माझं जुनं भिंग त्याच्या हातात दिलं. तो वाकला. लई वेळ वाकून राहिला. मी दोन पावलं मागं झालो.

"सर," तो म्हणाला, "अंगावर वलयं हायत. एकामागं एक. एकसारखी." मग मान वर करून, पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून म्हणाला, "अ‍ॅनेलिडा, सर. हे पोवळं न्हाय."

"शाबास," मी म्हणलं.

प्रसेनजितनं फोटो बघून लगेच लिहून पाठवलं. किड्याचं नाव फिलोग्राना, नाहीतर तिची सख्खी बहीण. तुऱ्यावर झाकण आहे की नाही बघितलं तर नक्की सांगता येईल, म्हणाला, पण फोटोतल्या किड्याचा तुरा मिटलाय. प्रवाळ नाही हे मात्र छातीठोक. रणधीरच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, किडा आपल्याकडं येत नाही. विषय मिटला. ते किडे आमच्या घरी आल्यापासून त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्या सकाळी ते कळलं त्या सकाळी घरं रिकामी झाली. दोर मी तात्यांच्या तांब्याभर पाण्यात ठेवला. संध्याकाळपर्यंत एक तुरा उघडा होता. मग तोही नव्हता.

ग्रुपवर मी लिहिलं : 'ते प्रवाळ नव्हतं. मला माहीत नव्हतं, तरी मी सांगितलं.' ह्याला मला जेवढे अंगठे आले तेवढे 'कळंबमध्ये प्रथमच'ला आले नव्हते. करिश्माच्या आईनं मात्र लिहिलं, 'पण मंगळाला चालंल का?'

तात्या फाटकात थांबून राहिले होते. माळ मुठीत. "सर, खरं सांगा. मी खाल्लं त्यात हुते का हे?"

मला काय ठाऊक. असणारच, वाळलेले. मी जेटीवर केला तसाच घसा साफ केला. "नाही तात्या. रिकामं घर होतं. नुसता चुना."

"चुना," तात्या म्हणाले. "चुना चालतोय. पानाला लावतेतच की." आणि मोकळे होऊन घरी गेले.

मामी दोन दिवसांनी वाशीला गेल्या. तिथं त्यांनी गल्लीभर सांगितलंय म्हणे : जावयानं समुद्रातनं लेकरं आणली हुती, त्यास्नी जन्मात गोड पाणी मिळालं नव्हतं, म्या माझ्या हातानं दिलं, तर घर सोडून भाईर आली भेटायला. कमल म्हणाली, "सांगू का आईला खरं?" मी म्हणलं, "पुढल्या उन्हाळ्यात बघू." कढीपत्ता वाळला, तो मी त्या येण्याआधी बदलणार आहे.

बाकी सगळं तसंच आहे. आठवड्यानं पाणी येतं, गल्लीत हाळी उठते, शिळं पाणी ओततात. आमच्या घरात ते काम आता माझ्याकडं आहे. पिंप असो, घागर असो, ओतायच्या आधी मी आत बघतो. वाकलो की माझी सावली आत पडते. मग मी मागं सरकतो आणि जरा थांबतो.

कमल आतून ओरडते, "अहो, नळ चाललाय! काय बघायलाव त्यात?"

"काही नाही," मी म्हणतो, "आत कुणी राहतंय का बघतोय," आणि अजून थोडा थांबतो.